काटा आणि दिवा

गाडीत दोन गेज बसवायचे, एवढंच काम होतं. एक बूस्टचा, एक एक्झॉस्टच्या तापमानाचा. शनिवारची एक दुपार, फार तर रविवारची सकाळ. प्रत्यक्षात त्यातून तीन महिने, एक भलताच वाईट क्षण, बाबांबरोबर फोनवरचे चार-पाच रविवार आणि हे लांबलचक लिखाण निघालं. नातेवाईकांपैकी ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी मधला भाग गाळून थेट बाबांपर्यंत उडी मारली तरी चालेल. :)

आधी टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. ही वरची हवा वातावरणाच्या दाबापेक्षा जेवढी जास्त दाबली गेली तो बूस्ट. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूची याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना एकशेवीस वर्षांची म्हातारी आहे. भानगड अशी की हवा दाबली की तापते. वीस अंशांची हवा आमच्या गाडीसारख्या टर्बोतून निघाली की शंभर अंशांच्या आसपास पोचते. अशी तापलेली हवा आणि वर जास्त दाब, म्हणजे पेट्रोल ठिणगीने लागलेल्या ज्वाळेची वाट न बघता आपल्या मर्जीने पेटायला लागतं. त्याला नॉकिंग म्हणतात, आणि ते वाढलं की पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून दाब किती आणि तापमान किती हे दोन आकडे टर्बो इंजिनाच्या जिवाशी बांधलेले आहेत.

आणि नेमके हेच दोन आकडे माझ्या गाडीत चालकाला दिसत नव्हते. गाडी वीसेक वर्षांची, दुसऱ्या हाताची. डॅशबोर्डवर वेग, आरपीएम, पेट्रोल, पाण्याचं तापमान, आणि बाकी सगळ्याला मिळून एक पिवळा दिवा. 'चेक इंजिन'. काय चेक करू रे बाबा?

तर मी गेज आणले. ५२ मिलिमीटरचे, काळ्या तबकडीचे, विंडशील्डच्या बाजूच्या खांबावर एकावर एक बसणारे. बूस्टचा गेज जुन्या पद्धतीचा, यांत्रिक. त्याला वायर लागते ती फक्त दिव्याची. इंजिनापासून एक बारीक नळी थेट गेजच्या पाठीत येते, बस्स. ही नळी कुठून काढायची हा प्रश्न. योग्य जागा म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, थ्रॉटलच्या पुढची. ती आमच्या गाडीत मागे, फायरवॉलजवळ, जिथे हात गेला तर परत येताना कातडी सोडून येतो. पण टर्बोच्या तोंडापासून एका छोट्या गोल डबीकडे जाणारी एक नळी अगदी समोर होती. तिच्यातही दाब येतो. मी ती कापली, मध्ये टी घातला, गेजची नळी जोडली. क्लॅम्प नव्हता. नळी घट्ट बसलीय की, असं म्हणालो. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

इंजिन चालू केलं. काटा शून्यावर. हायवेवर पाय दाबला, काटा तेरा पीएसआयला गेला, पाय काढला, पुन्हा शून्य. मला इतका आनंद झाला की घरी येऊन बायकोलाही एक फेरी मारून आणली. ती म्हणाली, "आता हे बघत गाडी चालवणार का रस्ता बघत?" असो.

हा आनंद ताजा असतानाच इप्सिलँटीला जुन्या गाड्यांचा एक मेळावा पाहिला. इप्सिलँटी म्हणजे मिशिगनमधलं, डेट्रॉइटच्या पश्चिमेचं गाव. शेजारी विलो रन, जिथे दुसऱ्या महायुद्धात फोर्डने बी-२४ बॉम्बर बांधले आणि नंतर जनरल मोटर्सने शेव्हरोलेची कॉर्व्हेअर. मेळाव्यात एका आजोबांची १९६२ ची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर उभी होती. त्यांनी मला आत बसू दिलं, आणि मी बघतच राहिलो. डॅशबोर्डवर कंपनीने स्वतः बसवलेला मॅनिफोल्ड प्रेशरचा गेज आणि शेजारी सिलेंडर हेडच्या तापमानाचा गेज! मी जे दोन आकडे साठ वर्षांनंतर खांबाला भोकं पाडून मिळवले, ते इथे पहिल्याच पिढीत, कारखान्यातून आलेले.

घरी येऊन वाचत बसलो. टर्बो लावून सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकलेल्या पहिल्या दोन गाड्या, दोन्ही जनरल मोटर्सच्या आणि दोन्ही १९६२ च्या. ओल्ड्समोबिल जेटफायर आणि ही स्पायडर. स्पायडरचं इंजिन हवेने थंड होणारं, सहा सिलेंडरचं, मागच्या बाजूला. टर्बोने १५० हॉर्सपॉवर. आणि त्यात बूस्टला आवर घालणारं वेस्टगेटच नव्हतं. एक्झॉस्टचा अडथळा आणि कार्ब्युरेटरचं लहान तोंड यांच्या भरवशावर दाब मर्यादेत राहायचा. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला पाणी नाही, म्हणजे पाण्याचं तापमान नाही. मग चालकाला थेट सिलेंडर हेडचंच तापमान दाखवलं. ही सरळ विमानातली रीत.

आणि टर्बोचं घराणं विमानाचंच आहे. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर घेऊन गेला. उंची १४,१०९ फूट. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ३५६. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे की माणूस डोंगर चढून गेला तो आकडा मोजायला. वैमानिक पुढे अशाच काट्यांवर जगले. मॅनिफोल्ड प्रेशर पाऱ्याच्या इंचात, हेडचं तापमान, तेलाचं तापमान. वैमानिकाला हे आकडे वाचता येतात असं गृहीत होतं, कारण त्याला शिकवलेलं होतं.

गाडी चालवणाऱ्याबद्दल डेट्रॉइटला तसा भरवसा नव्हता. १९३० च्या दशकात हडसन कंपनीने तेलाच्या दाबाचा आणि जनरेटरचा गेज काढून त्या जागी दिवे लावले. गंमत म्हणजे इप्सिलँटीचं मोटारींचं जे संग्रहालय आहे ते एका जुन्या हडसन डीलरच्याच दुकानात आहे. दिवा स्वस्त, आणि विक्रेत्याचं म्हणणं असं की बाईमाणसाला, म्हाताऱ्याला काट्याची भीती वाटते, दिवा कसा सोपा. लोकांनी त्याला नाव दिलं 'इडियट लाइट'. नावातला इडियट कोण, दिवा की चालक, यावर मतभेद असू शकतात.

साध्या कॉर्व्हेअरमध्ये तर कमाल होती. तेलाचा दाब आणि इंजिनाचं तापमान यांना मिळून एकच दिवा. लागला तर दोनपैकी काहीतरी बिघडलंय. एक बिघाड असा की थांबून इंजिन थंड होऊ द्यावं, दुसरा असा की आत्ताच्या आत्ता बंद करावं. दिवा मात्र तोच.

याच गाडीवर रॅल्फ नेडरने १९६५ च्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचं पहिलं प्रकरण लिहिलं हे अनेकांना माहीत असेल. त्याचा रोख मागच्या सस्पेन्शनवर होता. पण मी ते प्रकरण वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवलंय. पहिल्या काही वर्षांच्या कॉर्व्हेअरला पुढच्या टायरमध्ये १५ पीएसआय आणि मागच्यात २६ अशी विचित्र हवा लागायची. वळणावर गाडी ताब्यात राहणं त्या फरकावर अवलंबून होतं. मॅन्युअलमध्ये ते लिहिलं होतं, पण किती महत्त्वाचं आहे हे कुणी ठासून सांगितलं नाही. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या चारही चाकांत सारखी हवा भरून द्यायचा. १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष आला की कॉर्व्हेअर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. तोवर गाडीचं उत्पादन बंद होऊन तीन वर्षं झाली होती. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. पण आकडा माणसाला नीट सांगायचा का नाही, हा प्रश्न सस्पेन्शनपेक्षा मोठा होता असं माझं मत आहे.

जेटफायरची कथा याच्या उलटी. त्यात नॉकिंग टाळायला डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारलं जायचं. नाव काय तर 'टर्बो-रॉकेट फ्लुइड'! त्याची वेगळी टाकी, ती मालकाने भरायची. डॅशबोर्डवर सूचना होती. लोकांनी भरली नाही. टाकी रिकामी झाली की एक झडप बूस्ट अडवून इंजिन वाचवायची, आणि मालक तक्रार करायचे की गाडी पळत नाही. शेवटी १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. म्हणजे सांगूनही माणूस ऐकत नाही, हेही खरंच आहे. मी आधी म्हणालो त्याला हे छेद देतं, मला मान्य आहे.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो बूस्ट गेज घेऊन आली आणि नेमकी तेल संकटात सापडली, १,६७२ गाड्यांवर आटोपली. पोर्शे ९११ टर्बोच्या सुरुवातीच्या गाड्यांत बूस्ट गेज नव्हता, १९७७ पासून तो आरपीएमच्या तबकडीत खाली आला. सगळ्यात विचार करायला लावणारा मला साबचा वाटतो. १९७७ साली त्यांनी ९९ टर्बो दाखवली. तिला वेस्टगेट होतं, म्हणजे ठरावीक दाब झाला की धुराला आडवाट मोकळी करून देणारं दार. आणि पुढे साबच्या बूस्ट गेजवर आकडेच नव्हते, फक्त रंगाचे पट्टे. काटा आहे, पण तो दिव्यासारखा वागतो. नंतर त्यांच्या पेर गिलब्रांड या इंजिनिअरच्या चमूने एपीसी ही यंत्रणा आणली. इंजिनावर नॉकिंग ऐकणारा एक कान बसवला आणि ते ऐकू आलं की यंत्रणाच बूस्ट कमी करायची. चालकाने बघायचं कारण उरलं नाही. आज प्रत्येक टर्बो गाडी तेच करते, आणि शंभरात नव्याण्णव वेळा ती माझ्यापेक्षा चांगलं करते.

मग काट्याचं काय झालं? तो शोभेला उरला. माझदाच्या मियाटात १९९५ पासून तेलाच्या दाबाचा जो गेज होता त्याला पाठीमागून खरा आकडा मिळतच नव्हता. एक साधा स्विच. दाब आहे, काटा मध्यावर. दाब नाही, काटा खाली. दिव्याला काट्याचे कपडे! कारण खरा काटा हलतो. आयडलला खाली, वेगात वर, आणि हलणारा काटा बघून लोक घाबरून सर्व्हिस सेंटरला येतात.

आता माझ्या गेजकडे येतो.

जानेवारीतली संध्याकाळ, उणे बारा. मुलीला पोहण्याच्या क्लासहून घेऊन येत होतो, ती मागे बसलेली. हायवेच्या रॅम्पवर वेग घ्यायला पाय दाबला. मागे अठरा चाकांचा ट्रक, तोही वेग घेत होता. गाडी नेहमीपेक्षा जोरात उसळली, मला क्षणभर बरंही वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी कुणी लाथ मारावी तशी थांबली. इंजिनाने पेट्रोल तोडलं होतं. मग पुन्हा दिलं, पुन्हा तोडलं. आम्ही दोघं पुढे-मागे हेलकावलो. आरशात ट्रकचे दिवे एवढे मोठे झाले की आरसा पांढरा. ट्रकवाल्याने हॉर्न देत शेजारच्या लेनमध्ये काढला, आमच्यापासून हातभर अंतरावरून. मी शोल्डरला गाडी घेतली. हात थरथरत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी गेजकडे बघितलं. काटा शून्यावर. शांत.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं तर टीवरून गेजची नळी सुटून लोंबत होती. थंडीने प्लास्टिक कडक होऊन निसटलं होतं. तरी मला उलगडा होईना. नळी सुटली तर गेज बंद पडेल, इंजिनाला त्याचं काय?

त्या रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. (ट्रकचा भाग गाळून. आज वाचतील तेव्हा कळेल. बाबा, माफ करा.) बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर होते. टर्बो त्यांनी कधी उघडून बघितलेला नाही. पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "इंजिन नुसतं चालू ठेवलं, पाय दिला नाही, तर काटा कुठं असतो?"

"शून्यावर."

"आणि इंजिन बंद केल्यावर?"

"शून्यावर."

"म्हंजे चालू काय अन् बंद काय, काट्याला फरक नाही. असं कसं? इंजिन हवा ओढतंय ना आत?"

मी गप्प. दोन महिने तो काटा मला रोज सांगत होता आणि मी ऐकत नव्हतो. थ्रॉटल बंद असताना इंजिन हवा ओढत असतं, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो. नीट जोडलेला गेज आयडलला शून्याच्या बराच खाली, पाऱ्याच्या वीस इंचाच्या आसपास असायला हवा. माझा शून्यावर होता, कारण मी थ्रॉटलच्या अलीकडची नळी पकडली होती. आणि ती नळी ज्या छोट्या डबीकडे जात होती ती डबी म्हणजेच वेस्टगेट उघडणारा ॲक्चुएटर. माझी नळी सुटली तशी त्या डबीला मिळणारी हवा बाहेर गळायला लागली. डबीला वाटलं दाबच नाही, तिने दार उघडलं नाही, टर्बो वाढतच गेला. शेवटी गाडीच्या संगणकाने, ज्याच्या दिव्याची मी एवढी टिंगल करतो, त्याने पेट्रोल तोडून इंजिन वाचवलं. दाब किती झाला होता ते मला कधीच कळणार नाही. मोजणारा काटा शून्यावर होता.

म्हणजे इंजिन वाचवायला बसवलेल्या गेजनेच ते मारायला काढलं होतं. खरं तर गेजने नाही, मी.

बाबा मग त्यांच्या गेजवर आले. त्यांच्या बॉयलरचा कामाचा दाब एकवीस किलो, तबकडीवर तिथे लाल रेघ. गेजच्या खाली पाइपला एक वळसा, त्यात पाणी साठलेलं, म्हणजे वाफ थेट गेजला लागत नाही. आणि मध्ये तीन तोंडांचा कॉक. तो फिरवला की गेज बॉयलरपासून तुटतो आणि हवेला उघडा होतो. पाळी बदलताना बाबा तो कॉक फिरवून बघायचे. काटा शून्यावर येतो का, आणि परत फिरवला की होता तिथे जातो का. "अडकलेला काटा बी शांतच दिसतो," म्हणाले. पाण्याच्या काचेचंही तसंच. रोज सोडून बघायची, पाणी जातं का आणि परत चढतं का.

बाबांच्या आणि माझ्या गेजच्या पोटात एकच वस्तू आहे हे मला तेव्हा सुचलं. एक चपटी, वाकवलेली पितळी नळी. आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते. पॅरिसच्या यूजीन बूर्दोंने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. असं सांगतात की वाफेच्या यंत्रासाठी तो एक नळीचं वेटोळं करत होता, ते चुकून चपटं झालं, आणि चपटेपणा घालवायला आत दाब दिला तर वेटोळंच उलगडायला लागलं. त्या काळात बॉयलर फुटून माणसं मरणं नित्याचं होतं. आपल्याकडेही १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, त्यानंतर पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. बाबांच्या खिशातलं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट हे अशा कायद्यांचंच खापरपणतू. तिथे यंत्राजवळ काटाही ठेवला आणि तो वाचणारा शिकवलेला माणूसही ठेवला. मी गेज विकत आणला, माणूस आणायचा राहिला.

आता नळी मॅनिफोल्डवर आहे. कातडी गेली, पण आहे. दोन्ही टोकांना क्लॅम्प. वेस्टगेटची नळी नवी, अखंड. आयडलला काटा एकोणीस-वीस इंच खाली असतो, आणि मी इंजिन चालू केलं की आधी तिकडे बघतो.

तापमानाच्या गेजचं मात्र बाकी आहे. त्याचा थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. जोड तापला की किंचित वीज निर्माण होते, झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये हे पाहिलं होतं. माझी वायर हातभर कमी पडली म्हणून मी मध्ये साधी तांब्याची जोडली होती. तेही चूक! तांबं जोडलं की गेज तापमानातला फरक त्या नव्या जोडापासून मोजतो, आणि माझा जोड गरम इंजिनाशेजारी होता. म्हणजे गेज साठ-सत्तर अंश कमी दाखवत असणार. नको त्याच दिशेने. तर योग्य वायर मागवली, ती परवा आली. एक तार पिवळी, एक लाल. अमेरिकन पद्धतीत या वायरमध्ये लाल ही निगेटिव्ह असते.

काल बाबांना कॅमेऱ्यावर दाखवली. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

"लाल निगेटिव्ह? कुणी ठरवलं हे?"

"असंच आहे बाबा, कागदावर छापलंय."

"कागद राहू दे. टोकाला काडी पेटवून धर, काटा वर जातो का बघ. मग जोड."